डीएड, बीए, दुकान, ऑपरेटर... आणि आता नर्सिंग? मराठवाड्यातून लाइन बदलायची असेल तर

डीएड करून बसलेत, टीईटी झाली पण भरतीचं काही खरं नाही, किंवा बीए होऊन ग्रामपंचायतीत ऑपरेटर, मेडिकलच्या काउंटरला, झेरॉक्सच्या दुकानात, नाहीतर लग्न होऊन लेकरं शाळेत जायला लागली आणि आता हाताला काहीतरी कायमचं पाहिजे, असे लई जण विचारायलेत की ताई आता नर्सिंगला जाता येईल का, वय गेलं का. मी पण डीएडवालीच, नंतर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आणि आता वॉर्डात स्टाफ नर्स आहे, त्यामुळं प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबलंय, पण पैसे भरायच्या आधी पूर्ण वाचा.

पहिलं काम म्हणजे बारावीची मार्कशीट काढा. डिग्रीची नको, डीएडची नको, बारावीची. नर्सिंगमध्ये तुमचं ग्रॅज्युएशन मोजत नाहीत, बीएस्सी बॉटनी झालेली असो की एमए मराठी, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, डीफार्म किंवा लॅब टेक्निशियनचं पण काही वजा होत नाही, सगळ्यांना शून्यापासूनच. बारावीत कुठली साइड, इंग्रजी होतं का, टक्के किती आणि वय किती, एवढ्यावर तुमचा रस्ता ठरतो.

बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी, आणि पीसीबीला ४५ टक्के (एससी एसटीला ४०) असतील तर बीएस्सी नर्सिंग, ४ वर्षं. महाराष्ट्रात त्याला सीईटी सेलची वेगळी बीएस्सी नर्सिंग सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आहे, विद्यापीठ म्हणजे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचा दरवाजा म्हणजे जीएनएम, ३ वर्षं, बारावी कुठल्याही साइडची चालते, इंग्रजी विषय पाहिजे आणि एकूण ४० टक्के, पण सायन्सवाल्याला आधी पसंती असते हे धरून चाला. एएनएम (सहायक नर्स आणि प्रसूतीचा कोर्स) २ वर्षांचं, बारावी कुठलीही चालते पण फक्त बायकांसाठी, आणि त्यातून मुख्यतः आरोग्य सेविकेच्या लाइनला जाता येतं, म्हणजे उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, गावोगाव फिरणं. जीएनएम झाल्यावर पुढं २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री मिळते, म्हणून आर्ट्सवाल्यांनी बीएस्सीचं दुःख करू नका, वळसा घालून तिथंच जाता येतं.

आता वय. जीएनएम आणि एएनएमला प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजेत आणि वरची मर्यादा ३५. म्हणजे बत्तीस-तेहतीसला पण ऍडमिशन मिळतंय, गेलेलं नाही वय. पण थांबा, खरा हिशोब ऍडमिशनचा नाही, तो बाहेर पडल्यावरचा आहे आणि हा कुणी एजंट सांगत नाही तुम्हाला.

समजा आज २९ वय आहे. पुढच्या सीझनला ऍडमिशन म्हणजे ३०, तीन वर्षांनी ३३, निकाल लागून नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत ३४ धरा. राज्य सरकारच्या भरतीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे, म्हणजे खुल्यातल्या बाईच्या हातात चार वर्षं आणि एवढ्या वेळात भरती दरवर्षी निघतेच असं नाही. एम्सच्या नॉरसेटला (तिथल्या नर्स भरतीची परीक्षा) वय १८ ते ३०, ओबीसीला ३ वर्षं आणि एससी एसटीला ५ वर्षं सूट, आणि जीएनएमवाल्याला शिवाय कमीत कमी ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो. जोडून बघा, २९ ला सुरुवात करणाऱ्याला जीएनएम करून एम्स जवळजवळ कुठल्याच कॅटेगरीत बसत नाही. हे कळलं की मग जीव तोडून एम्सचे क्लास लावायचे का राज्याच्या अधिपरिचारिका (सरकारी स्टाफ नर्स) भरतीवर आणि प्रायव्हेटवर लक्ष ठेवायचं हे आपोआप ठरतं. पस्तिशीला टेकलेल्यांसाठी अजून एक, एएनएम झालेली असेल तर जीएनएमच्या ऍडमिशनला वयाची अट नाही, त्यामुळं जुन्या एएनएम बायांनी वय गेलं म्हणून गप बसू नये.

कोर्स ठरला की मग कॉलेज, आणि इथंच आपल्याकडं सगळ्यात जास्त लोक फसायलेत. लातूर, नांदेड, बीड, परभणी, कुठंही बसस्टँडच्या बाहेर बोर्ड बघा, "नर्सिंग कोर्स, सहा महिने, दहावी पास-नापास, १००% नोकरी". सहा महिन्यांत, एका वर्षात नर्स होत नाही. जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंट केअर असले कोर्स असतात, ते करून पेशंट सांभाळायचं काम मिळतं, ते काम वाईट नाही आणि ज्याला तेच करायचंय त्यानं खुशाल करावं, पण त्याच्यावर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही आणि रजिस्ट्रेशन नसेल तर इंजेक्शन कितीबी चांगलं देता येऊ द्या, कागदावर तुम्ही नर्स नाही. छोट्या हॉस्पिटलात पांढरा एप्रन घालून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या, सगळं येणाऱ्या पोरी आहेत, पगार मात्र आयाबाईचा.

तपासायचं कसं तर असं. एएनएम जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची आरोग्य विद्यापीठ. कॉलेजला विचारा परीक्षा कोण घेतं. तिसरंच कुठलं तरी बोर्ड, कौन्सिल, दिल्लीचं काहीतरी नाव सांगितलं की उठा तिथून. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर कॉलेजचं नाव, तालुका, कोर्स आणि जागा किती हे जुळवून बघा, एकाच संस्थेच्या एएनएमला मान्यता आहे आणि जीएनएमला नाही असंही असतं, नुसतं संस्थेचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. आणि शेवटचं, मागच्या बॅचच्या कुणाला तरी गाठून तिचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट डोळ्यानं बघा. प्रिन्सिपलच्या केबिनमधल्या फोटोंपेक्षा हे एक सर्टिफिकेट जास्त सांगतं.

दुसरा प्रकार बॉर्डरचा. उदगीर, देगलूर, उमरगा पट्ट्यात एजंट बिदर, गुलबर्गा, बेंगळुरूच्या कॉलेजांची ऍडमिशन करून देतात. तिकडं चांगली कॉलेजं आहेत, शिकून आलेल्या आणि छान काम करणाऱ्या सिस्टर माझ्यासोबत आहेत. पण "कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं कुणी म्हणलं तर ते घेऊ नका हो. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते आणि सर्टिफिकेट मिळायच्या आधी प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण करावं लागतं, घरी बसून, पोस्टाने, डिस्टन्सने जीएनएम किंवा बेसिक बीएस्सी हा प्रकारच नाही. न जाता पास झालेली पोरगी पहिल्या दिवशी कॅज्युअल्टीत उभी राहते तेव्हा तिची आणि पेशंटची दोघांची फजिती असते. बाहेरच्या राज्यातून केलं तर तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात करून घ्यावं लागतं, त्या कागदांना वेळ लागतो, तो पण वयाच्या हिशोबात धरा.

कॉलेज बघताना अजून एक गोष्ट, त्याचं हॉस्पिटल बघा. कॉलेजची बिल्डिंग चकाचक आणि हॉस्पिटलात चार पेशंट असं असेल तर शिकणार कशावर. कौन्सिलचा नियम एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंट असा आहे. सकाळी अकराच्या सुमारास न सांगता जाऊन वॉर्डात चक्कर मारा, खाटा भरलेल्या आहेत का बघा. संभाजीनगरची घाटी, आंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, असल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ज्यांची पोस्टिंग (वॉर्डातलं प्रॅक्टिकल) लागते त्यांना एका महिन्यात जेवढं बघायला मिळतं तेवढं छोट्या नर्सिंग होमात वर्षात मिळत नाही. सरकारी जागा कमी असतात हे खरं, पण फॉर्म भरल्याशिवाय सोडू नका, मला मिळणारच नाही म्हणून फॉर्मच न भरणारे लई बघितलेत.

पैशाचं थोडक्यात. फी विचारताना "वर्षाची फी किती" असं विचारू नका, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस, परीक्षा, पोस्टिंगची फी सगळं धरून तीन वर्षांचा आकडा कागदावर लिहून मागा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) व्यावसायिक कोर्सला गेल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ असा शासन निर्णय आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ते गेलं. म्हणून "कॅपची कटकट कशाला, डायरेक्ट घेऊन टाका" म्हणणाऱ्यापासून सावध. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, आणि तो दरवर्षी भरायचा असतो.

कागदांमध्ये लाइन बदलणाऱ्यांच्या दोन खास भानगडी आहेत. एक गॅप. बारावीनंतर मधली जी वर्षं गेली त्याचं गॅप अफिडेव्हिट लागतं, सेतूत किंवा तहसीलला करून मिळतं, आणि टीसी जिथं शेवटचं शिकलात तिथली लागते, म्हणजे डीएड कॉलेज बंद पडलेलं असेल (आपल्याकडं किती बंद पडलीत माहितीच आहे) तर ती टीसी आत्ताच शोधायला लागा, जूनमध्ये पळापळ नको. दुसरी भानगड लग्न झालेल्या बायांची. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. माझं म्हणणं असं की ऍडमिशनपासून रजिस्ट्रेशनपर्यंत दहावीवरचंच नाव ठेवा आणि मॅरेज सर्टिफिकेट नाहीतर नावबदलाचं राजपत्र सोबत असू द्या. जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी बापाकडच्या कागदांवर निघते आणि नॉन क्रिमीलेयर पण आई-बापाच्या उत्पन्नावर बघतात, नवऱ्याच्या नाही, हे तलाठ्याकडं जायच्या आधी लक्षात असू द्या म्हणजे चार चकरा वाचतील.

आता जरा वेगळं. फॉर्म भरायच्या आधी वॉर्ड बघून या. ओळखीचा कुणी ऍडमिट असेल तर एक रात्र त्याच्याजवळ थांबा आणि पेशंटकडं बघण्यापेक्षा सिस्टरकडं बघा, ती किती वेळा उठते, काय काय उचलते, कुणाकुणाची बोलणी खाते. नर्सिंग म्हणजे सेवा, पुण्य असं लोक बोलतात ते ठीक आहे, पण उलटी, लघवी, जखमेतला पू, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवणं हे रोजचं काम आहे आणि त्याची किळस पहिल्या दोन-तीन महिन्यांत जाते बहुतेकांची. किळस जाते, रात्रीचं जागरण मात्र कधीच सोपं होत नाही. सरकारीत साधारण सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा ड्युट्या, प्रायव्हेटला कित्येक ठिकाणी सरळ बारा-बारा तास.

आणि आपल्या भागातल्या वॉर्डाची स्वतःची एक चव आहे. पाऊस पडला की साप चावलेले यायला लागतात, पेरणीचे दिवस, रात्री पाणी द्यायला गेलेले. फवारणीच्या दिवसांत विषबाधा. आणि विषारी औषध पिलेला पेशंट, हा तर बारा महिने. पोटातलं काढायचं, ऍट्रोपिन (विषावरचं इंजेक्शन) चालू, दर थोड्या वेळाने बुबुळं बघायची, नाडी मोजायची, छाती ऐकायची, आणि पडद्याच्या बाहेर सगळं गाव उभं. अशा वेळी नातेवाईकाशी दोन शब्द नीट बोलणं हे पण सिस्टरचंच काम असतं आणि ते कुठल्या सिलॅबसमध्ये नाही, पण शिक्षक राहिलेल्या, दुकानात गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसाला ते अठरा वर्षांच्या पोरीपेक्षा बरं जमतं. उशिरा आलेल्यांचा एवढा एक फायदा नक्की आहे.

पुरुषांनी यावं का असंही विचारतात. यावं की. एएनएम नाही, बाकी जीएनएम बीएस्सी दोन्ही खुलं आहे. वॉर्डात ब्रदर म्हणतात, कॅज्युअल्टी, ऑर्थो, आयसीयू, ओटीला ब्रदरची लई गरज असते. फक्त सरकारी भरतीत जागांचं गणित बघून घ्या, एम्सला ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना अशी विभागणी आहे. गावात चार दिवस हसतील, पगार सुरू झाला की तेच पाहुणे बीपी बघायला बोलवतात.

अभ्यासाची भीती दोन गोष्टींची असते, इंग्रजी आणि गणित. पुस्तकं इंग्रजीत, रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरचं लिखाण तर कुठल्याच भाषेत नाही. फाडफाड बोलायची गरज नाही, पण शब्द पाहिजेत. ऍनाटॉमी फिजिऑलॉजी पहिल्याच वर्षी असतं आणि आर्ट्सवाले तिथंच गळतात, म्हणून ऍडमिशन आणि कॉलेज सुरू होण्याच्या मधल्या काळात आठवी ते दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तकं काढून शरीराचे धडे वाचून घ्या, हृदय, फुप्फुस, किडनी मराठीत समजलं की इंग्रजी नाव चिकटवायला वेळ लागत नाही. गणित पाचवीचंच आहे. सलाइनची ५०० एमएलची बाटली ४ तासांत जायची आहे, सेट २० थेंबांना १ एमएलचा, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, साधारण ४२ थेंब. घड्याळ धरून मोजायचे आणि नळीवरचा रोलर लावायचा. एवढंच, पण हे झोपेत पण यायला पाहिजे, कारण पहाटे चारला कॅल्क्युलेटर शोधत बसायला कुणी वेळ देत नाही.

पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हेपेटायटिस बीची लस घ्या, तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी, म्हणजे ऍडमिशनच्या आठवड्यातच सुरू केलेली बरी. सुई टोचली तर बोट दाबत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते दोन तासांच्या आत चालू झालेलं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. शिकणाऱ्या पोरी ओरडा बसेल म्हणून लपवतात. ओरडा बसला तर बसू द्या.

घरचं गणित कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. तीन वर्षं पगार नाही आणि हजेरीमुळं नोकरी करत शिकणं जमत नाही, सकाळी पोस्टिंग दुपारी लेक्चर असतं. त्यामुळं घरात दुसरी कमाई किंवा साठवलेलं काहीतरी पाहिजे, आणि लेकरू लहान असेल तर सांभाळायला माणूस पाहिजे, "बघू, होईल" यावर सुरू करू नका. सासूबाई, आई, नवरा जो कोण सांभाळणार आहे त्याच्याशी आधी बसून बोला, नाइटच्या महिन्यात काय करायचं, परीक्षेत काय करायचं, हॉस्टेलला रहावंच लागणार का हे कॉलेजला विचारून मग बोला. नवऱ्याला एकदा सोबत कॉलेजला घेऊन जा. त्यानं स्वतः बघितलं, मॅडमशी बोलला, की पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

पास झाल्यावर एकही दिवस न घालवता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं रजिस्ट्रेशनचा अर्ज करा. ते दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. पहिली नोकरी निवडताना पगाराआधी खाटा बघा, ५० खाटांच्या वरचं हॉस्पिटल असेल तर तो अनुभव पुढं कागदावर चालतो, आणि अनुभवाचं पत्र, पगाराची स्लिप पहिल्या महिन्यापासून मागा, सोडताना मागितलं तर तोंड फिरवतात. प्रायव्हेटचा पगार आपल्याकडं सुरुवातीला कमीच आहे, हे खोटं सांगून उपयोग नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलात पण २०,००० च्या खाली पगार नको असं सुचवलं होतं, २०० खाटांच्या वर तर सरकारीइतकाच. तालुक्याला किती ठिकाणी पाळलं जातं ते तुम्ही स्वतः विचारून बघा. तरी मुलाखतीत आकडा बोलताना हे माहीत असलेलं बरं.

सरकारीत राज्याच्या अधिपरिचारिकेला मूळ वेतन ३५,४०० पासून, त्यावर महागाई भत्ता वगैरे वेगळा, झेडपीच्या आरोग्य सेविकेला २५,५०० पासून, एम्सला ४४,९०० पासून. त्याशिवाय एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी पदं, रेल्वे, ईएसआयसी (कामगार विमा) हॉस्पिटलं, आणि बीएस्सीवाल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ. कंत्राटीला नाक मुरडू नका, पण "परमनंट करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात पण उभं करू नका. भरतीचा अभ्यास नोकरी लागल्यावर नाही होत, तो जीएनएमच्या तिसऱ्या वर्षापासून रोज थोडा थोडा, कारण पेपरातले बरेच प्रश्न तुम्ही तेव्हा वॉर्डात जे करत असता त्याचेच असतात, कुठली पिशवी कुठल्या कचऱ्याला, पिवळी कशाला लाल कशाला, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, डोस किती, पोझिशन कुठली. मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता हे राज्याच्या पेपरला असतंच, आणि टीईटी, तलाठी, पोलीस भरतीच्या पुस्तकांवर ज्यांनी चार वर्षं काढलीत त्यांचं ते सगळं इथं कामाला येतं. ती पुस्तकं रद्दीत घालू नका.